ख्रिस्ती यात्रा: यरुशलेमपासून झाशीपर्यंत

ख्रिस्ती धर्मात तीर्थयात्रा कोणावरही बंधनकारक नाही. उपासना डोंगरावर करावी की यरुशलेमेत, असा प्रश्न शोमरोनी स्त्रीने केला, तेव्हा येशूने उपासनेला कोणत्याच एका जागेशी बांधले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग ख्रिस्ती यात्रेच्या विचाराला कायम अस्वस्थ ठेवत आला आहे.

तरी यात्रा सुरू झालीच. सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर त्याची आई हेलेना ३२६च्या सुमारास पवित्र भूमीत गेली. त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची स्त्री पश्चिम युरोपातून तिकडे पोचली. तिच्या वृत्तान्तात एक रीत पुन्हा पुन्हा येते: स्थळी पोचताच प्रार्थना करायची आणि त्या स्थळाशी निगडित बायबलचा उतारा तिथेच वाचायचा. यात्रेचा अर्थ इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसला असेल. ऐकलेली कथा याच मातीवर घडली, ही जाणीव श्रद्धेला आधार देत होती. नीसाचा बिशप ग्रेगरी मात्र स्वतः यरुशलेम पाहूनही ठाम होता की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही.

पुढे संतांच्या कबरी आणि अवशेष तीर्थे झाले आणि पवित्र भूगोल पॅलेस्टाइनबाहेर पसरला. यात्रेने पुण्य पदरी पडते, ही समजूत बळावली तेव्हा सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तिच्यावर कडक टीका केली. प्रॉटेस्टंट पंथांत यात्रा मागे पडली. कॅथलिकांनी ती राखली. फ्रान्सिस झेवियर १५५२मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचा देह १५५४मध्ये गोव्यात आला आणि भारतातही संताच्या देहाभोवती मोठे तीर्थ उभे राहिले.

गोव्याप्रमाणे उत्तर भारतातही ख्रिस्ती तीर्थे आहेत. त्यांपैकी ग्वाल्हेरच्या परिसरातली पाहू. ग्वाल्हेरचा ख्रिस्ती वारसा शिंदेशाहीच्या फौजेशी जोडलेला आहे. शिंद्यांच्या चाकरीतील फिलोस घराण्यातल्या मायकेल फिलोसने जयविलास महालाचा आराखडा केला. मेरठजवळच्या सरधन्याची शासक बेगम समरू हिचे नातेही याच फौजेशी जुळते. १७८१मध्ये तिने आग्र्यात कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. १८०३मध्ये असईच्या रणात तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूने होत्या. सरधन्यात तिने बांधलेले मरियामातेचे चर्च १८२२मध्ये पुरे झाले. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१मध्ये त्याला लघु बॅसिलिकेचा दर्जा दिला. नोव्हेंबरमधल्या तिथल्या यात्रेला ख्रिस्तेतर भाविकही येतात. चर्च बेगमेने बांधले, पण त्याचे तीर्थ केले ते या सामान्य माणसांनी.

ग्वाल्हेरला सरधन्यापेक्षा अधिक जवळचे तीर्थ झाशीत आहे. १९९९मध्ये ग्वाल्हेरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तोवर या भागाचा कॅथलिक कारभार झाशीकडेच होता. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या त्या शहरात संत यूदाचे चर्च असून २८ ऑक्टोबरला त्याचा सण असतो. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा एक. सगळ्या आशा मावळल्यावर ज्याला हाक मारावी असा संत, अशी त्याची ख्याती. आजारपण, बेकारी, घरातली भांडणे घेऊन माणसे त्याच्यापुढे येतात. कॅथलिक शिकवणीत आराधना फक्त देवाची; संताला आपल्यासाठी देवाकडे विनवण्यास सांगायचे असते. मेणबत्ती लावणाऱ्या आईच्या मनात ही सीमारेषा दर वेळी तितकी ठळक नसते, आणि तिच्या श्रद्धेला त्यावरून हलके ठरवणे अन्यायाचे होईल. पापनिवेदन आणि मिस्सा हे यात्रेचे गाभ्याचे विधी तिलाही मोलाचे वाटतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये संपूर्ण ख्रिस्तसभेलाच वाटचाल करणारी म्हटले. त्या दृष्टीने यरुशलेमला कधीच न पोचणारा ग्वाल्हेरचा भाविकही यात्रेकरूच आहे.