फास्टर फेणे आहे की होता?

फास्टर फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी मुलगा 'आहे' की 'होता'? मराठी विकिपीडियावर पुस्तकांतल्या पात्रांचे लेख मोबाईलवरून लिहिताना मी सगळ्यात जास्त अडतो तो या एका क्रियापदापाशी. मराठीत एखाद्याबद्दल 'होता' म्हटलं की ऐकणारा दचकून विचारतो, "का, काय झालं?" भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यांना 'होते' बरोबर. पण बन्या कुठे गेलाय? पुस्तक उघडलं की तो सायकलवर तयारच. म्हणून भागवतांनी पात्र 'निर्माण केलं', आणि बन्या संकटात 'सापडतो'.

काहींना ही इंग्रजीची नक्कल वाटते. आपल्या कहाण्या तर 'आटपाट नगर होतं' अशाच सुरू होतात! खरंय, पण ते गोष्ट सांगणं झालं. गोष्टीविषयी सांगणं वेगळं. आमच्या कळंबहून मंचरला जाणाऱ्या एसटीत कुणी पिक्चरची स्टोरी सांगत असेल तर कान द्या: "मग तो येतो, तिला सगळं खरं सांगतो, तेवढ्यात तिचा बाप बघतो..." हा काळ त्याला कुणी शिकवलेला नसतो.

इथवर सोपं आहे. माणूस आणि पात्र एकाच नावाचे असले की खरी पंचाईत होते. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. रणजित देसाईंची 'स्वामी' आली १९६२ साली. माधवराव-रमाबाईंचं एकांतातलं बोलणं कोण ऐकायला बसलं होतं? ते देसाईंनी रचलं, आणि इतकं जिवंत रचलं की आज कित्येकांच्या डोक्यात तेच माधवराव आहेत. त्यातला एखादा संवाद उचलून 'माधवराव रमाबाईंना म्हणाले' असं लिहिलं, की कल्पनेची साक्ष होते. ज्याच्या तोंडी ते वाक्य घातलं, तो उठून 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणू शकत नाही. म्हणून मला हा शैलीचा प्रश्न वाटत नाही, प्रामाणिकपणाचा वाटतो. 'कादंबरीत माधवराव म्हणतात' असंच लिहायला हवं. त्यातला 'कादंबरीत' गाळून चालत नाही, कारण नुसता वर्तमानकाळ पुरत नाही. शिवनेरी इथून जवळच; शिवजयंतीचे वक्ते 'शिवबांचा जन्म होतो' म्हणत खऱ्या इतिहासालाही वर्तमानकाळ लावतात.

मला सगळ्यात जड जातं ते 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांच्या आई यशोदाबाई १९१७ सालीच गेल्या होत्या. गुरुजींच्या चरित्रात 'त्या वारल्या' असं आदरानं, एकदाच लिहून होतं. पुस्तकाच्या कथानकात मात्र 'ती मरते'. वाचायला कोरडं, जवळजवळ निर्दय वाटतं. हात 'निधन झाले'कडे जातो. पण कुणीही पुस्तक हातात घेतलं की आई पुन्हा अंथरूण धरते, श्याम पुन्हा निघतो, त्याला पुन्हा उशीर होतो. मी 'मरते'च ठेवतो.