धावा

आमच्या मुलीला दुसऱ्या पाळीची नोकरी लागली आणि घरात संरक्षण खातं उघडलं. आईनं मिरचीपूड सुचवली, हिनं साडीची मोठी पिन पुढे केली. मी पडलो शास्त्रीय वृत्तीचा. म्हणजे फ्यूज गेला की वायरमनला बोलावणारा. मी बाजारातून अलार्म आणला. चिकूएवढी डबी, पर्सला अडकवायची. पिन ओढली की बोंब सुरू. पिन परत बसवीपर्यंत थांबत नाही. खोक्यावर छापलं होतं, १३० डेसिबेल! आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास, आणि दर १० डेसिबेलला आवाजाची ताकद दसपट होते. एवढी बोंब आमच्या घराण्यात आजवर कुणी मारली नसेल, या विचारानं माझा ऊर भरून आला.

"बाबा, हे वाजल्यावर काय होतं?" मुलीनं विचारलं.

"लोक धावून येतात."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... लोक गं!"

ते लोक कोण, हे चौथ्याच दिवशी कळलं. रात्री साडेदहाला जिना चढताना पर्सचा पट्टा कठड्यात अडकला, पिन निसटून खाली घरंगळली आणि सगळी सोसायटी दणाणली. मी धावत बाहेर आलो, तर मुलगी अंधारात पिन शोधतेय. पहिल्या मजल्यावर दाराच्या भिंगात एक डोळा उगवला आणि मावळला. समोरच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. वरून कुणीतरी ओरडलं, "अहो, कुणाची गाडी बोंबलतेय बघा!" प्रत्यक्ष आल्या त्या फक्त तळमजल्यावरच्या काकू. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे संपावर, हातात लाटणं. गंमत म्हणजे काकूंना ऐकू कमी येतं. "म्हणून तर मी आधी येते," त्या म्हणाल्या, "आणि काय झालं ते मग विचारते."

त्या रात्री मी समाजाच्या अधःपतनावर बारा वाजेपर्यंत बोललो. ही कपड्यांच्या घड्या घालीत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीत एक बाई ओरडली होती. तुम्ही उठलात खरे, पण खिडकी लावायला."

खरं होतं. 'नवरा-बायकोचं भांडण असेल, जाईल कुणीतरी,' असं म्हणून मी पांघरूण ओढलं होतं. ती कोण होती, तिचं पुढे काय झालं, मला आजही ठाऊक नाही.

हा 'कुणीतरी' मोठा बेभरवशाचा गृहस्थ! डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली त्याच्यावर एक प्रयोग छापला. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचं फक्त ऐकू येत होतं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांतले शंभरात ८५ मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटल्यावर उठणारे उरले ३१.

आपल्याला हे हस्तिनापुरातच कळायला हवं होतं. द्रौपदीच्या धाव्याला डेसिबेल कमी पडले नव्हते. भरल्या सभेत सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. विदुर आणि विकर्ण निदान बोलले तरी. बाकीचे थोर लोक धर्म सूक्ष्म असतो म्हणून खाली बघत बसले. मीही तसाच, फक्त पांघरुणात.

तेव्हा अलार्म ही अर्धीच वस्तू आहे. उरलेली अर्धी आपल्या दाराच्या कडीत असते, आणि ती आपल्यालाच काढावी लागते. मुलीच्या हातात पिन दिली की बापाचं कर्तव्य संपलं, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या कुणाची मुलगी पिन ओढील तेव्हा आपण काय करणार, हे मी ठरवलंच नव्हतं.

आता उशाशी बॅटरी असते, दाराशी चपला असतात आणि ११२ हा आकडा पाठ आहे. परवा रात्री दोनला आवाज झाला. धडपडत खाली गेलो. बघतो तर कुणाच्या तरी मोटारीवर मांजर उडी मारून पळालं होतं, आणि मोटार बोंबलत होती. फाटकाशी काकू लाटणं घेऊन उभ्याच.

मी ओशाळून म्हणालो, "काकू, काहीच नाही हो!"

"नसू दे," काकू म्हणाल्या, "तू आलास ना?"