औषधाची नोंद : संशय की अमानत?

इस्लापूरसारख्या बाजारगावात औषधविक्रेता निम्मा डॉक्टरच मानला जातो. कापूस वेचून कंबर धरली की मजूर थेट ‘मेडिकल’वर येतो आणि मागच्या वेळची ‘तीच गोळी’ मागतो. ती ट्रॅमाडॉलची असेल तर तिचा परिणाम अफूच्या जातीचा असतो. कंबर बरी होते, पण मागणी थांबत नाही.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’नुसार अशा औषधांसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. तरी ओळखीच्या माणसाकडे चिठ्ठी मागितली की तो दुखावतो : “आमच्यावर संशय घेता?”

हा आक्षेप हलका नाही. पवित्र कुरआनने (४९:१२) गुमान आणि टेहळणी या दोहोंना मनाई केली आहे. पण त्याच कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) देवघेव लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि तिचे संबोधन ईमानधारकांना आहे, चोरांना नाही. हातोहात व्यवहार न लिहिण्याची सूट तिथेच दिली आहे, हे खरे. मात्र ती मुभा आहे, बंदी नाही. शिवाय ही गोळी हातात पडल्याने व्यवहार संपत नाही, तो रुग्णाच्या शरीरात चालू राहतो. टेहळणीत दडलेले दोष उकरले जातात. इथे दोघांसमोर घडलेले तेवढेच लिहिले जाते. वहीतील नावाची चर्चा विक्रेत्याने पानटपरीवर केली, तर मात्र ती गीबतच.

दुसरी बाजूही आहे. कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाला ‘नशा’ म्हणून मॉर्फिन नाकारणे ही दीनदारी नाही. निकडीच्या वेळी निषिद्ध वस्तूही गरजेपुरती मुभेत येते, हा फिकहचा मान्य नियम आहे. संसदेनेही २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून वेदनाशमनासाठी अशा औषधांची वाट सोपी केली. ‘गरजेपुरते’ किती, हे चिठ्ठीवरील मात्रा आणि वहीतील तारीख यांवरूनच कळते. महिन्याच्या गोळ्या दहा दिवसांत संपल्या, किंवा दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच नावावर आल्या, तर विक्रेत्याने रुग्णाला हाकलू नये. डॉक्टरला फोन करावा.

हाकललेला माणूस शेजारच्या दुकानात जातो, आणि आपल्याकडे एका दुकानाची वही सहसा दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून घरच्यांनी जुनी चिठ्ठी सोबत ठेवून एकच डॉक्टर आणि एकच दुकान धरून राहावे.