वांटा आणि भार

खर्चाची वांटणी करतां येते, श्रमांची करतां येते, लाभाचीहि करतां येते. परंतु जबाबदारीची वांटणी करतां येते काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. दोन घरांमधील सामाईक भिंत पडावयास आली, म्हणजे डागडुजीचा निम्मा खर्च देण्यास दोघेहि शेजारी तयार असतात. मात्र गवंडी कोणी बोलवावयाचा, ह्याचा निकाल लागेपर्यंत दोन पावसाळे उलटतात. हिशेब कोठेंच चुकलेला नसतो. भिंत मात्र खचते. सामाईक कामाचें घोंगडें असें भिजत पडतें, तें कोणी दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर प्रत्येकजण केवळ आपल्या वांट्यापुरता सज्जन असतो म्हणून.

ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर जेथें चुकीची किंमत तत्काळ आणि प्राणांनीं द्यावी लागते असें उदाहरण घ्यावें. अमेरिकेंतील लहान नगरांच्या विमानतळांवर जे नियंत्रण-मनोरे आहेत, त्यांच्या कारभारांत तें सांपडतें. कोणतें विमान केव्हां उतरावें आणि कोणतें धावपट्टीच्या अलीकडे थांबावें, हें मनोऱ्यांतील नियंत्रक ठरवितो व वैमानिकांस रेडिओवरून कळवितो. आरंभीं हें काम नगराचेंच होतें. १९२९ सालीं सेंट लुई नगरानें आर्ची लीग नांवाच्या गृहस्थास ह्या कामीं नेमिलें. हातगाडींत खुर्ची, छत्री व निशाणें घालून तो मैदानावर जाऊन बसे, आणि निशाण दाखवून विमानास थांबवी अथवा सोडी. विमान भलत्या वेळीं सुटलें तर जाब कोणास विचारावयाचा, ह्याविषयीं तेव्हां शंकेस जागा नव्हती. निशाण धरणारा हात एकच होता.

पुढें रहदारी वाढली. १९३० मध्यें क्लीव्हलंडच्या नगर-विमानतळावर रेडिओची सोय असलेला मनोरा उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मनोऱ्यांचा कारभार मध्यवर्ती सरकारनें आपल्याकडे घेतला. १९८१ च्या ऑगस्टांत सुमारें १३,००० नियंत्रकांनीं संप केला. अध्यक्ष रीगन ह्यांनीं ११,००० हून अधिक जणांस बडतर्फ केलें. आणि १९८२ पासून लहान विमानतळांवरील मनोरे खासगी कंपन्यांस कंत्राटानें चालविण्यास देण्याची पद्धति सुरू झाली. आज अशा मनोऱ्यांची संख्या २५० हून अधिक आहे. नियम मध्यवर्ती विमान-खात्याचे, नियंत्रक कंपनीचे नोकर, आणि पुष्कळ ठिकाणीं इमारत नगराची, असा हा कारभार आहे. खर्चासाठीं तर एक सूत्रच ठरलेलें आहे. मनोऱ्यामुळें टळणारे अपघात व वांचणारा वेळ ह्यांचें मोल पैशांत मांडावयाचें आणि तें खर्चाशीं ताडून पाहावयाचें. लाभ खर्चाइतका भरला, तर सगळा खर्च मध्यवर्ती सरकार सोसतें. कमी भरला, तर तुटीचा भाग स्थानिक संस्थेवर पडतो. हा वांटा २० टक्क्यांहून अधिक असूं नये, अशी मर्यादा २०१२ च्या कायद्यानें घातली.

हिशेब म्हणून ह्यांत वावगें कांहीं नाहीं. धोका आहे तो हाच हिशेब नीतीच्या वहींत जसाच्या तसा उतरवून घेण्यांत. ज्यानें २० टक्के पैसे दिले त्याची जबाबदारीहि २० टक्केच, असें मन नकळत म्हणूं लागतें. २०१३ सालीं मध्यवर्ती खर्चांत सक्तीची कपात झाली, आणि असे १४९ मनोरे बंद होणार असें मार्च महिन्यांत जाहीर झालें. अशा वेळीं खात्यास म्हणतां येतें कीं, पैसा कायदेमंडळानें तोडला. कायदेमंडळास म्हणतां येतें कीं, कपात सरसकट होती, अमुक मनोरा बंद करा असें आम्हीं सांगितलें नाहीं. कंपनी म्हणूं शकते, आम्ही केवळ कंत्राटदार. आणि नगर म्हणूं शकतें, हें काम आमचें नव्हेच. ह्यांतील एकहि विधान खोटें नाहीं. आणि चारहि विधानें खरीं असूनहि मनोरा रिकामा पडावयाचा राहत नाहीं. त्या सालीं कायदेमंडळानें निधि वळविण्याची परवानगी दिली व मनोरे बचावले. परंतु चार सत्यांच्या बेरजेंतून एक अनर्थ निष्पन्न होऊं शकतो, ही गोष्ट त्यामुळें खोटी ठरत नाहीं.

जेथें मनोरा नसतो, तेथें प्रत्येक वैमानिकानें ठरलेल्या एकाच रेडिओ-लहरीवर आपला ठाव सांगावा आणि इतरांचा ऐकावा, असा रिवाज आहे. जबाबदारी सर्वांची सारखी. इलिनॉय राज्यांतील क्विन्सी नगराच्या विमानतळावर १९ नोव्हेंबर १९९६ रोजीं एक प्रवासी विमान उतरत होतें. छेदून जाणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर किंग एअर जातीचें विमान उभें होतें. तें थांबणार काय, असें उतरणाऱ्यांनीं विचारलें. उत्तर आलें तें त्याच्या मागें असलेल्या तिसऱ्या, लहान विमानाकडून, आणि तेंहि अर्धवट ऐकूं आलेलें. उतरणाऱ्यांस तें किंग एअरचेंच वाटलें. किंग एअर मात्र कांहीं न बोलतां सुटलें, आणि दोन्ही विमानांतील मिळून १४ माणसें मेलीं. किंग एअरच्या वैमानिकांनीं लहर ऐकली नाहीं व आकाशाकडे नीट पाहिलें नाहीं, हें चौकशींत मुख्य कारण ठरलें. त्या अर्धवट उत्तराचाहि हातभार लागला. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, प्रश्न एकास होता, उत्तर दुसऱ्यानें दिलें, आणि घोटाळा झाला तर तो निस्तरण्याचें काम तिघांपैकीं कोणाचेंच ठरलेलें नव्हतें.

आतां मनोऱ्याच्या आंतील रीत पाहावी. तेथेंहि काम वांटलेलें असूं शकतें. धावपट्टी एकाकडे, तर जमिनीवरील इतर मार्ग दुसऱ्याकडे. परंतु पाळी बदलतांना कोणतें विमान कोठें आहे, हें जाणारा येणाऱ्यास समजावून देतो; आणि येणाऱ्यानें सूत्रें आपल्या हातीं घेतल्याचें स्पष्ट होईपर्यंत जाणारा मोकळा होत नाहीं. धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याचा हुकूम मिळाला, म्हणजे वैमानिकानें तो परत उच्चारून दाखवावा लागतो. शिवाय नियंत्रकानें हुकूम दिला म्हणून विमान सुरक्षित राखण्याची वैमानिकाची जबाबदारी रतीभरहि कमी होत नाहीं. म्हणजे येथें जबाबदाऱ्या दोन आहेत खऱ्या, पण त्या निम्म्या-निम्म्या नव्हेत. दोन्ही पूर्ण आहेत.

हा विचार आपल्या व्यवहारास अपरिचित नाहीं. १८७२ च्या करार-कायद्यानें, उलट ठराव नसेल तर, एकत्र कर्ज घेणाऱ्यांपैकीं कोणा एकाकडूनहि सावकारास सगळी रक्कम मागतां येते. ज्यानें ती भरली त्यानें मागाहून इतरांकडून त्यांचा वांटा घ्यावा. म्हणजे वांटे आहेत ते ऋणकोंच्या आपसांत. धनकोसमोर प्रत्येकजण पूर्ण ऋणी आहे. मनोऱ्याच्या कारभारांत प्रवासी हा धनको आहे. २० टक्क्यांचा हिशेब नगर व सरकार ह्यांनीं आपसांत खुशाल करावा. विमानांत बसलेल्या माणसास तो दाखवितां येणार नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, तर मग गरीब नगरानें शाळा व पाणी सोडून मनोराच राखावा काय? श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी ह्याचें उत्तर देते. राजाच्या आज्ञेवरून सर्वांनीं मुलांवासरांच्या तोंडचें दूध काढून देवळांत ओतलें, तरी गाभारा भरला नाहीं. म्हातारीनें घरच्या मुलांस व वासरांस आधीं तृप्त केलें, उरलेलें खुलभर दूध नेलें, आणि गाभारा भरला. तिचा वांटा सर्वांत लहान होता. काळजी मात्र तिनें वांटून घेतलेली नव्हती. जबाबदारी सगळी आणि वांटा ऐपतीप्रमाणें, ह्या दोन गोष्टींत विरोध नाहीं. रहदारी खरोखरच तुरळक असेल, तर मनोरा बंद करणें हाहि योग्य निर्णय असूं शकेल. पण तो घेणाऱ्यांपैकीं प्रत्येकानें, हा निर्णय माझा आहे, असें आपल्या नांवानें म्हटलें पाहिजे. आणि उद्यांपासून धावपट्टीकडे कोण पाहणार, हें ठरून दुसऱ्या कोणीं तरी तें काम घेतल्याचें कानांनीं ऐकल्याखेरीज कोणीहि खुर्ची सोडतां कामा नये.