वाद कोणता, वितंडा कोणता?

(मननासाठी: तीताला पत्र ३:९-११, मत्तय १८:१५-१७)



आपल्या हिंगोली जिल्ह्यात बांधाचे भांडण कोणाला नवे नाही. हातभर जमिनीसाठी दोन भाऊ तालुक्याला खेटे घालतात. वकिलाची फी भरता भरता त्या जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पैसा जातो, तरी कोणी मागे हटत नाही. अशी भांडणे गावातच मिटावीत म्हणून महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि गावोगावी समित्या झाल्या. तंटे मिटले पाहिजेत हे शासनालाही कळते. मग रविवारी एकाच वेदीभोवती जमणाऱ्या आपल्याला ते किती कळायला हवे!

आपल्याकडे बांध नाही, पण बाकी सर्व आहे. वाचन कोणी करायचे, सणाला मिरवणुकीत मूर्ती कोणी उचलायची, गायनमंडळात पेटी कोणी वाजवायची, देणगीच्या बाकावर नाव कोणाचे लिहायचे, यावरून कुरबुरी होतात. कुरबुरी कोठे होत नाहीत? घरात भांडी असली की आवाज होणारच. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. शांतीची खूण देताना काही हात जाणूनबुजून मागे राहतात. एकमेकांच्या दुःखालासुद्धा न जाणारी घरे तयार होतात. हे मात्र गंभीर आहे.

संत पौलाने तीताला क्रीट बेटावर ठेवले होते. तेथील मंडळी नवी होती आणि वडीलधाऱ्यांची नेमणूक व्हायची होती. त्याला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल बजावतो की मूर्खपणाचे वाद, वंशावळ्या, कलह आणि नियमशास्त्रावरची भांडणे यांपासून दूर राहा, कारण त्यातून कोणाचेही भले होत नाही. वंशावळ्यांचा हा शब्द वाचताना आपल्याला वाटते की ही ज्यूंची जुनी गोष्ट, आपला काय संबंध? पण "आमच्या आजोबांनी आधी बाप्तिस्मा घेतला, त्यांचे लोक मागून आले" हे वाक्य आपण ऐकले नाही काय? तीच ती वंशावळ. बाप्तिस्म्याच्या पाण्यात आधीचा आणि नंतरचा असा भेद नसतो.

म्हणजे ख्रिस्ती माणसाने वाद घालूच नये काय? तसे नाही. आपल्या देशातील न्यायदर्शनाने यात फार सुरेख भेद केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी दोघे बोलतात तो वाद. केवळ जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि ज्याला स्वतःचे काही मांडायचेच नसते, फक्त दुसऱ्याचे मोडायचे असते, ती वितंडा. आपला 'वितंडवाद' हा शब्द तेथूनच आला. पौल ज्यापासून दूर राहायला सांगतो ते जल्प आणि वितंडा. वाद तर त्याने स्वतः केला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. कारण तेथे प्रश्न पेत्राच्या मानाचा नव्हता, शुभवर्तमानाचा होता.

आपण हळद पिकवणारी माणसे आहोत. शिजवून वाळवलेली हळद पिंपात घालून फिरवतात, तेव्हा कांड्या एकमेकींवर घासतात आणि त्यांना चकाकी येते. प्रामाणिक चर्चा ही तशी असते. घासले जाणे वाईट नव्हे.

म्हणून तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला फूट पाडणारा म्हणू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही. तक्रार ऐकली आणि सात जण नेमले. त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही (कलम २१२) श्रद्धावंतांना चर्चच्या हिताबद्दल आपले मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यच आहे, असे सांगितले आहे. चर्चचा हिशेब विचारणे म्हणजे फूट पाडणे नव्हे. आणि एखाद्या मुलावर किंवा स्त्रीवर अन्याय होत असेल तर तेथे "शांती राखा" म्हणून तोंड दाबणे हे पाप आहे. ते लगेच सांगितलेच पाहिजे.

आता निष्फळ भांडण किती महागात पडते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले घ्या. मुंबईतील कॅथलिक १७९४ पासून दोन अधिकारांखाली वाटले गेले. काही चर्चेस पोर्तुगालच्या राजाच्या संरक्षणाखालील पाद्रोआदोची, गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली. काही रोमच्या प्रोपागांडाने नेमलेल्या बिशपांच्या हाताखाली. दोघांचा विश्वासांगीकार एकच, मिस्सा एकच, संस्कार एकच, पोपही एकच. भांडण होते ते चर्च कोणाचे आणि हुकूम कोणाचा यावर. १८५३ साली माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन आत आणि त्यांचे विरोधक बाहेर वेढा घालून, अशी पाळी आली. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. आपल्या घरातले भांडण सोडवायला परक्याला यावे लागले! ही दुहेरी सत्ता १९२८ च्या करारापर्यंत चालली, म्हणजे १३४ वर्षे. त्या भांडणात लहानाचे मोठे झालेल्या आणि त्यातच मेलेल्या पिढ्या मोजा.

करारानंतरही मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा इंग्रज असावा असे ठरले होते. त्याप्रमाणे १९३७ साली इंग्रज येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स आर्चबिशप झाले. त्यांनी काय केले? भारतीय धर्मगुरू व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या हाती धर्मप्रांताचा कारभार सोपवून ते १९४६ मध्ये मुंबईबाहेर राहायला गेले, आणि १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी पोर्तुगालनेही आपला हक्क सोडला. ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये कार्डिनल. शंभर वर्षांच्या युक्तिवादांनी जे झाले नाही, ते एका माणसाने खुर्ची सोडल्याने सोपे झाले. आपल्याकडे खुर्ची सोडायला कोण तयार आहे?

तरीही एखादा माणूस ऐकतच नाही. इकडचे तिकडे सांगतो, गट बांधतो, एक विषय मिटला की दुसरा काढतो. त्याचे काय करायचे? पौलाने तीताला लिहिताना अशा माणसासाठी जो ग्रीक शब्द वापरला, त्याच्या मुळाशी 'निवडणे' हा अर्थ आहे. सर्वांचे सोडून स्वतःचे तेवढे निवडणारा आणि त्याभोवती तट उभारणारा. त्याला एकदा समज द्या, दुसऱ्यांदा द्या, आणि नंतर त्याचा नाद सोडा, असे पौल सांगतो. प्रभू येशूने वाट आणखी स्पष्ट केली आहे. आधी त्याला एकट्याला गाठून बोला. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. तेही ऐकले नाही तर मंडळीला सांगा. आपण नेमके उलटे करतो. आधी साऱ्या गावाला सांगतो, मग दोघा-तिघांना, आणि त्या माणसाला मात्र कधीच सांगत नाही.

आणि नाद सोडणे म्हणजे काय? येशू म्हणतो, तो तुम्हाला जकातदारासारखा असो. हे वाक्य लिहून ठेवणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या घरी जेवला होता! म्हणून नाद सोडणे म्हणजे त्याच्या वादाला खतपाणी न घालणे, त्याच्या हाती मंडळीचे काम न सोपवणे. पण त्याला राम राम बंद करायचा नाही. तो आजारी पडला तर भेटायला जायचे. त्याच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायचा.

हे मी वरून सांगत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मला वादाची फार गोडी लागली होती. पुढे एका धर्मग्रामात असताना दोन घरांमध्ये एका बाकावरच्या नावावरून वाद झाला. मी प्रवचनात एका बाजूचे म्हणणे मुद्द्यांनिशी खोडून काढले. नाव घेतले नाही, पण सर्वांना कळले. ते कुटुंब चर्चला यायचे थांबले. तीन वर्षांनी त्या घरातल्या वडिलांना आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार द्यायला मी गेलो. ते म्हणाले, "फादर, तुमचे बरोबर होते. पण तुम्ही एकदा घरी आला असता तर बरे झाले असते." मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी दिली. चार दिवसांनी ते देवाघरी गेले. ती तीन वर्षे त्यांना ख्रिस्तशरीराविना काढावी लागली, ती मी परत देऊ शकत नाही.

माझा तो युक्तिवाद जल्प होता. मी जिंकलो आणि माझा भाऊ गमावला.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. कोणी तुमच्याकडे दुसऱ्याची तक्रार घेऊन आला तर एवढेच विचारा: "हे तुम्ही त्यांना सांगितले का?" वाद सुरू झाला तर स्वतःला विचारा: मला सत्य हवे आहे की विजय? आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या घरी पुढच्या रविवारच्या आत एकदा जा. अर्पणाआधी भावाशी समेट करायला येशूने सांगितले आहे. तो पहिला आला नाही, म्हणून थांबू नका. ज्याला पहिले पाऊल टाकायला अवघड जात असेल त्याने मला सांगावे, मी बरोबर येईन.

हे प्रभू येशू, तू मरणाच्या आदल्या रात्री आम्ही सर्व एक व्हावे म्हणून पित्याकडे प्रार्थना केलीस. आमच्या जिभेला आवर घाल. जेथे बोलणे कर्तव्य आहे तेथे धैर्य दे, आणि जेथे गप्प राहणे प्रेम आहे तेथे नम्रता दे. मारिया माते, आमच्या घरांसाठी विनंती कर. आमेन.

आपला ख्रिस्तबंधू,
धर्मगुरू