कोलिताचे वर्तुळ

नाशिकजवळ त्रिरश्मीच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक. लेणी भिक्खूंची, पण पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांना पांडवलेणी म्हणत आले. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख तेव्हाही भिंतीवर होताच. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि नुसत्या रेघोट्या वाटणाऱ्या त्या खुणांतून सातवाहनांचा इतिहास बोलू लागला. भिंत तीच होती, डोळेही माणसांचेच होते. मग आधी पाहणाऱ्यांना काय दिसत होते?

डोळ्यांना दिसते ते जसेच्या तसे असते का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. त्याच्या चर्चेत एक उदाहरण शतकानुशतके टिकून राहिले. होळीच्या रात्री पेटते लाकूड गरागरा फिरवले की अंधारात आगीचे अखंड वर्तुळ दिसते. जळते टोक एका क्षणी एकाच जागी असते, तरी वर्तुळ दिसते. शास्त्रकार याला अलातचक्र म्हणत.

न्यायसूत्रांनी त्यातून मनाचा स्वभाव दाखवला. मन एका वेळी एकच ज्ञान घेते, पण इतक्या झपाट्याने की त्यातला क्रम आपल्या लक्षात येत नाही आणि सगळे एकदम घडल्यासारखे वाटते. बौद्ध आचार्य दिङ्नागाने प्रत्यक्षाची व्याख्याच काटेकोर केली. नाव, जात, गुण यांची कल्पना मनाने चढवण्यापूर्वीचे जे निखळ ज्ञान, तेवढेच प्रत्यक्ष. सातव्या शतकात धर्मकीर्तीला तेवढे पुरेसे वाटले नाही. ते ज्ञान भ्रमरहितही हवे, असे त्याने म्हटले आणि भ्रमाची कारणेही सांगितली: डोळ्यांचा विकार, वेगाने फिरणारी वस्तू, नावेतला प्रवास. चालत्या नावेतून काठावरची झाडे पळताना दिसतात, ते याचमुळे. गौडपादाचार्य त्याहीपुढे गेले. कोलीत स्थिर झाले की वर्तुळ विरते, तसे चित्ताचे स्पंदन शमले की द्वैताचा भासही मावळतो, अशी त्यांची मांडणी. एकच कोलीत, त्यातून तीन वेगळी दर्शने. वर्तुळ दिसतच नाही, असे मात्र कोणीही म्हटले नाही. वाद होता तो त्या दिसण्याचा अर्थ काय, याचा.

युरोपात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. फिरत्या चाकाच्या आऱ्या उभ्या फटींतून पाहिल्या तर वाकलेल्या दिसतात, यावर 1824 मध्ये पीटर मार्क रॉजेट यांनी निबंध वाचला. दृश्य डोळ्यावर क्षणभर रेंगाळते, ही कल्पना तिथून रुजली. 1832 मध्ये जोसेफ प्लाटो यांनी फिरत्या तबकडीवरची चित्रे हलताना दाखवली. खेळण्यात सुरू झालेली ही वाट पुढे सिनेमापर्यंत पोहोचली.

त्या वाटेवर त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेले फाळके उभे आहेत. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता आणि त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ उभे राहत होते. पुढे 1917 मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ही आठवण स्वतःच लिहिली. मग चित्रपटांचा त्यांनी असा ध्यास घेतला की अहोरात्र त्यातच बुडाल्याने डोळे अधू झाले आणि काही काळ दृष्टीच गेली. मुंबईच्या डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी ती परत आली.

भांडवलासाठी लोकांना पटवायचे होते, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा एका जागी रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. माती फोडून कोंब वर आला, वेल झाला. अंकुर वाढतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते, पण वाढताना तो कोणी पाहिलेला नसतो. आपल्या इंद्रियांचा वेग एका मर्यादेत बांधलेला आहे आणि त्या मर्यादेबाहेरही बरेच काही खरे असते, हे या लहानशा चित्रफितीने दाखवून दिले. 3 मे 1913 रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी चित्रपटांचा कारखाना नाशिकला हलवला.

याच सुमारास, 1912 मध्ये, जर्मनीत माक्स वेर्टहायमर यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शेजारच्या दोन जागी दोन रेषा आलटून पालटून दाखवल्या आणि मधले अंतर सुमारे 60 मिलिसेकंद ठेवले, तर पाहणाऱ्याला एकच रेषा सरकताना दिसते. कोलिताचे वर्तुळ दृश्याच्या रेंगाळण्याने समजावता येईल. सिनेमाची हालचाल तेवढ्याने समजत नाही, कारण चित्रे नुसती रेंगाळली असती तर एकावर एक साचून गढूळ झाली असती. हालचाल फितीत नसते, ती मेंदू रचतो. 1983 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी नोंदवलेल्या एका रुग्ण स्त्रीने याची दुसरी बाजू दाखवली. मेंदूच्या इजेमुळे तिला हालचाल दिसेनाशी झाली होती. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा स्थिर दिसे, त्यामुळे कप कधी भरेल याचा अंदाज येत नसे. रस्ता ओलांडताना दूरची गाडी एकदम अंगाशी आलेली असे. तिला रंग ओळखता येत, वस्तू ओळखता येत, पण तिच्या जगातला ओघ हरवला होता.

मेंदू नुसती हालचालच रचत नाही, अर्थही रचतो. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. तरीही पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत. समोर प्रकाश आणि सावली होती, बाकीचे सारे त्यांच्या श्रद्धेने पुरवले होते. मला त्या प्रेक्षकांना भाबडे म्हणवत नाही. पाहणे म्हणजे आत साठलेल्या अनुभवाने बाहेरच्या खुणा जुळवणे. ते जसे घडते तसे त्यांच्या बाबतीत घडले, एवढेच.

याचा अर्थ सगळेच भ्रम, असा मात्र नाही. त्या टोकाला जाण्यापासून धर्मकीर्तीच सावरतो. खऱ्या ज्ञानाची कसोटी अर्थक्रिया, म्हणजे त्यातून अपेक्षित कार्य साधते का. मृगजळाने तहान भागत नाही, गोदावरीच्या पाण्याने भागते. आपली इंद्रिये आपल्याला फसवायला बसलेली नाहीत. ती अपुरी आहेत आणि उरलेले मन भरून काढते. हे भरून काढणे ओळखता येणे, यालाच मी सुजाण पाहणे म्हणेन.

आज त्याची निकड आहे. कधीच न घडलेला प्रसंग हुबेहूब दाखवणारी चित्रफीत आता कोणालाही बनवता येते. 2027 च्या सिंहस्थात नाशिकच्या गर्दीची, अपघातांची, चमत्कारांची दृश्ये हातोहात फिरतील, त्यांतली कोणती खरी हे नुसत्या डोळ्यांनी ठरणार नाही. म्हणून दृश्य पुढे पाठवण्याआधी थांबा. ते कोणी, कुठे, कधी टिपले ते विचारा, दुसऱ्या स्रोताशी ताडून पाहा, आणि आपल्याला तेच पाहायचे होते म्हणून तर ते खरे वाटत नाही ना, हे स्वतःलाही विचारा. डोळ्यांवर विश्वास जरूर ठेवा, पण निवाडा त्यांच्यावर सोडू नका.