निष्ठा की सोय?

कोणाच्या निष्ठेचे आपण कौतुक करू लागलो, की ऐकणाऱ्यांपैकी एखादा हळूच विचारतो, ‘पण त्याला दुसरीकडे जायचेच नसेल तर?’ प्रश्न खोचक आहे, तरी तो टाळता येत नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन क्लबच्या मधल्या फळीत खेळलेला मॅट ल टिसिए याची कारकीर्द पाहताना आम्हांला तो विशेष छळतो.

गर्न्सी बेटावर १९६८ साली जन्मलेला हा मुलगा १९८६ मध्ये साउदॅम्प्टनच्या संघात आला. २००२ मध्ये व्यावसायिक फुटबॉल सोडीपर्यंत तो तेथेच राहिला. ५४० सामने, २०९ गोल. ४८ पेनल्टींपैकी ४७ यशस्वी. प्रीमियर लीगमध्ये शंभर गोल करणारा मधल्या फळीतला पहिला खेळाडू तोच. टॉटनहॅम आणि चेल्सी यांसारखे धनाढ्य क्लब त्याला न्यावयास उत्सुक होते. तो गेला नाही. त्याच्या पदरी एकही मोठा करंडक पडला नाही. इंग्लंडकडून तो अवघे आठ सामने खेळला. १९९८ च्या विश्वचषकाआधी इंग्लंडच्या ‘ब’ संघातून रशियाविरुद्ध त्याने तीन गोल केले, तरीही विश्वचषकाच्या संघातून त्याला वगळण्यात आले.

साउदॅम्प्टन हा काही राजवाडा नव्हता. १८८५ साली तेथील सेंट मेरी चर्चच्या तरुणांनी तो क्लब स्थापिला. ‘सेंट्स’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले. त्याच्या ‘द डेल’ या जुन्या मैदानात जेमतेम पंधरा हजार माणसे मावत. तळाच्या संघांना खालच्या श्रेणीत उतरावे लागते, आणि ती टांगती तलवार या क्लबवर वर्षानुवर्षे होती. १९९३-९४ च्या हंगामात ल टिसिएने लीगमध्ये २५ गोल केले. अखेरच्या दिवशी वेस्ट हॅमशी झालेल्या ३-३ बरोबरीतले दोन त्याचेच. संघ कसाबसा वाचला. १९९६ मध्ये तर केवळ गोलांच्या फरकाने निभावले.

आता आक्षेपाकडे वळू. आपण तेथे सुखी होतो, हे त्याने कधी लपविले नाही. त्यामुळे टीकाकार म्हणतात, यात त्याग कसला? महत्त्वाकांक्षा कमी पडली, एवढेच. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली असेच काहीसे मांडले होते: जे आवडीपोटी घडते ते कितीही स्तुत्य असले, तरी नैतिक मोल कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृतीलाच. याउलट ॲरिस्टॉटल म्हणतो, की सत्कृत्य करताना ज्याला आनंद होत नाही, तो खरा सज्जनच नव्हे.

आम्ही येथे ॲरिस्टॉटलच्या बाजूचे आहोत. म्हाताऱ्या आईजवळ राहिलेला मुलगा रोज कण्हतकुथत तिची सेवा करतो म्हणून अधिक चांगला, आणि हसतमुखाने करतो म्हणून कमी, असे कोणती आई म्हणेल? निष्ठा वेदनेच्या मापाने मोजण्याची आपल्याला फार सवय लागली आहे. (ती सवय सोयीचीही आहे, सुखाने निष्ठावंत राहणाऱ्याचे ऋण मग मानावे लागत नाही.) आणि तो सुखी होता म्हणून त्याचे काही गेलेच नाही, असेही नव्हे. मोठ्या क्लबात असता तर देशाकडून अधिक खेळला असता, असे मानणारे पुष्कळ आहेत. ते खरे असेल तर त्याची किंमत त्याने मोजली. फक्त ती बोलून दाखविली नाही.

एक शंका मात्र आमच्या मनात उरते. अंगच्या असामान्य गुणांवर पहिला हक्क कोणाचा, साऱ्या जगाचा की त्या पंधरा हजारांचा? मोठ्या व्यासपीठाचा हक्क मोठा, हे आपण न तपासताच गृहीत धरतो. पण मोठ्या क्लबात तो अनेक गुणवंतांपैकी एक झाला असता, त्याच्यावाचून त्यांचे अडले नसते. साउदॅम्प्टनचे अडले असते.

अखेरच्या वर्षांत दुखापतींनी त्याला जेरीस आणले. १९ मे २००१ रोजी ‘द डेल’वरचा शेवटचा लीग सामना आर्सेनलशी झाला. राखीव खेळाडू म्हणून तो उशिरा मैदानात उतरला आणि सामना संपता संपता डाव्या पायाने त्याने विजयी गोल केला. ३-२. त्या हंगामातला लीगमधला त्याचा तो एकमेव गोल. पुढे ते मैदान पाडून तेथे घरे बांधण्यात आली. त्यांतील एका इमारतीला त्याचे नाव दिले आहे.